फेसलेली मोहरी, सूत्रकृमी आणि कायद्याची चौकट

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः उत्तरेत किंवा बंगालमध्ये, बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसाला नव्या प्रांताची ओळख पटते ती बहुधा शेजारच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या मोहरीच्या तेलाच्या वासाने. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडते आणि तिचा तिखटपणा तिथेच संपतो. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी पाण्यात फेसायला घेतली, की मात्र नाकात झणका जातो आणि डोळ्यांतून पाणी येते. कोरड्या मोहरीला हा वास नसतो. दाणा चिरडला आणि त्याला पाणी लागले, की त्यातील सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर एकत्र येतात व त्यातून अॅलिल आयसोथायोसायनेट नावाचे बाष्पनशील संयुग तयार होते. फोडणीच्या उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून तिथे झणका नाही. वनस्पतीने हे अस्त्र आपले लोणचे रुचकर व्हावे म्हणून घडवलेले नाही. पाने आणि मुळे कुरतडणाऱ्या जिवांपासून संरक्षण, हा त्याचा हेतू आहे.

या जिवांपैकी एका वर्गाचा आणि त्याच्याविरुद्ध वापरल्या गेलेल्या वायूंचा इतिहास या लेखात मांडायचा आहे. विषय वरकरणी कृषिशास्त्राचा असला तरी त्याची अर्धी कथा प्रशासनाची आहे. ज्ञान उपलब्ध असूनही ते शेतकऱ्यापर्यंत का पोचत नाही, आणि घातक वस्तू बाजारात येण्यास व बाजारातून जाण्यास किती काळ लागतो, हे दोन्ही प्रश्न या कथेत समोरासमोर येतात.

सूत्रकृमी म्हणजे जमिनीत राहणारे, धाग्यासारखे, बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान कृमी. यांतील असंख्य जाती निरुपद्रवी, किंबहुना उपकारक आहेत. काही जाती मात्र तोंडातील सुईसारख्या अवयवाने पिकाच्या मुळांतील रस शोषतात. मुळांवर गाठी येतात, झाड पिवळे पडते, भर पाण्यात कोमेजते. शेतकऱ्याला वाटते खत कमी पडले. तो आणखी खत घालतो. टोळधाड येते तेव्हा तहसीलदार पंचनामा करतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. सूत्रकृमींचा पंचनामा होत नाही, कारण ते दिसत नाहीत. आणि ज्याची नोंद होत नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातील हे नुकसान सरासरी २१.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १०,२०० कोटी रुपये आहे. अशा अंदाजांत गृहीतकांचा भाग मोठा असतो हे मान्य करूनही आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात या कृमींची पहिली नोंद १९०१ सालची आहे. मद्रास इलाख्यातील सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी निलगिरी भागातील देवाला येथील चहाच्या मळ्यात मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आढळल्याचे नोंदवले. हेच बार्बर पुढे कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राचे प्रमुख झाले आणि त्यांच्या व वेंकटरामन यांच्या कामातून ‘को’ मालिकेतील ऊस देशाला मिळाला. १९०६ मध्ये ई. जे. बटलर यांनी केरळातील काळ्या मिरीवर आणि १९१३ मध्ये बंगालमधील भातावर (‘उफ्रा’ हा तो रोग) सूत्रकृमींचा प्रादुर्भाव दाखवून दिला. निदान झाले, उपाय मात्र परदेशातून यायचा होता.

युरोपात ही लढाई साखरेच्या बीटवरून सुरू झाली होती. १८५९ मध्ये जर्मनीत शाख्ट यांना बीटच्या मुळांवर सूत्रकृमी सापडला. ज्या जमिनींवर कारखान्यांचे भांडवल उभे होते त्या जमिनी ‘बीटला कंटाळल्या’ अशी तेथील समजूत होती. खरे कारण हा कृमी होता. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींच्या मुळांवरील फायलोक्सेरा किडीसाठी कार्बन डायसल्फाइड जमिनीत सोडण्याचे प्रयोग १८६९ पासून सुरू झाले होते. त्याच धर्तीवर १८७१ मध्ये ज्युलियस क्यून यांनी तेच द्रव्य बीटच्या सूत्रकृमींवर वापरून पाहिले. जमिनीला वायूची धुरी देण्याच्या कल्पनेचा हा आरंभ. हे द्रव्य महाग, ज्वालाग्राही आणि हाताळण्यास धोक्याचे असल्याने पुढची सत्तर वर्षे ही कल्पना सामान्य शेतीत फारशी उतरली नाही.

याच सत्तर वर्षांत इंग्लंडमध्ये एक वेगळा धागा हाती लागला होता. लिंकनशर परगण्यात बटाट्याचे सूत्रकृमी मोठे संकट बनले होते. त्या भागात पाहणी करताना १९२५ मध्ये मॉर्गन यांनी नोंदवले, की बटाट्याबरोबर मोहरी असेल तेथे प्रादुर्भाव कमी दिसतो. त्यानंतरच्या काही वर्षांत ट्रिफिट यांनी मोहरीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याने सूत्रकृमींची अंडी फुटण्यास अडथळा येतो असे दाखवले. १९३९ मध्ये स्मेडली यांनी विविध आयसोथायोसायनेटांची विषाक्तता तोलून पाहिली. १९४५ मध्ये एलेनबी यांनी काळ्या मोहरीतील अॅलिल आयसोथायोसायनेट, म्हणजे आपल्या फेसलेल्या मोहरीतील तेच संयुग, बटाट्यावरील सूत्रकृमींच्या नियंत्रणासाठी वापरल्याचा निबंध प्रसिद्ध केला. निरीक्षण, कारणमीमांसा, रासायनिक ओळख आणि प्रयोग, अशा चारही पायऱ्या वीस वर्षांत पूर्ण झाल्या होत्या.

मग ही वाट सुटली का? उत्तर त्याच दशकात सापडते. १९४३ मध्ये हवाई बेटांतील अननस संशोधन संस्थेत वॉल्टर कार्टर यांनी डी-डी नावाचे मिश्रण जमिनीत सोडून पाहिले. डायक्लोरोप्रोपेन व डायक्लोरोप्रोपीन यांचे हे मिश्रण पेट्रोरसायन उद्योगातून निघणारे स्वस्त उपउत्पादन होते. अननसाची वाढ पाहून मळेवाले थक्क झाले. दोन वर्षांत इथिलीन डायब्रोमाइड आले आणि १९५५ मध्ये डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डी.बी.सी.पी., यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे शेवटचे रसायन उभ्या पिकातही वापरता येई, म्हणून केळी आणि द्राक्षे यांच्या मळ्यांत ते विशेष लोकप्रिय झाले. भारतातील प्रयोगांत व शिफारशींत ते नेमॅगॉन या व्यापारी नावाने आढळते. मोहरी पेरायची, फुलोऱ्यात कापून गाडायची आणि दोन महिने थांबायचे, यापेक्षा पिंपातून ओतायचे औषध कोणालाही सोपेच वाटणार. शिवाय पिंपामागे कंपनी होती, विक्रेता होता, जाहिरात होती. मोहरीमागे कोणीच नव्हते.

डी.बी.सी.पी.चा पुढचा इतिहास प्रत्येक नियामक अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. उंदरांवरील प्रयोगांत या रसायनाने वृषणांना इजा होते, हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही उत्पादन व विक्री चालू राहिली. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले, की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणीत अनेकांमध्ये वंध्यत्व आढळले. १९७९ मध्ये अमेरिकेने हवाईतील अननस वगळता बहुतेक वापर थांबवला. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत मात्र त्यानंतरही वापर झाला आणि तेथील मजुरांचे दावे दशकानुदशके न्यायालयांत चालले. भारतात या रसायनावर बंदीची अधिसूचना निघाली जुलै १९८९ मध्ये. लॅथ्रॉपनंतर बारा वर्षांनी, पहिल्या इशाऱ्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. इथिलीन डायब्रोमाइडचा वापर अमेरिकेत जमिनीसाठी १९८३ मध्ये थांबला, आपल्याकडे बंदी आली २००१ मध्ये.

वायूंची जागा दाणेदार औषधांनी घेतली: कार्बोफ्युरान, अल्डिकार्ब, फोरेट. यांतील पहिली दोन कार्बामेट कुळातील, आणि त्यांच्या निर्मितीत मिथाइल आयसोसायनेट लागते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमध्ये ज्या वायूने हजारो माणसे मारली तो हाच. अल्डिकार्बवर भारतात २००१ मध्ये बंदी आली. फोरेटवर २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. अशा प्रत्येक बंदीनंतर शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहतो: आता काय वापरू?

इथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात बाजारात आलेले मेटाम सोडियम हे औषध ओल्या जमिनीत गेले, की त्यातून मिथाइल आयसोथायोसायनेट वायू निघतो. हा मोहरीतील संयुगाचाच सख्खा भाऊ. म्हणजे वनस्पतीची युक्ती उद्योगाने सोडली नव्हती. तिची नक्कल कारखान्यात केली होती आणि मूळ वनस्पती बाजूला ठेवली होती. आणि या नकलेची मात्रा हाताबाहेर गेली तर काय होते, तेही दिसले. जुलै १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात रेल्वेचा एक टाकी-डबा घसरून सुमारे ७२,००० लिटर मेटाम सोडियम सॅक्रामेंटो नदीत सांडले आणि कित्येक किलोमीटर नदीतील मासे मेले. वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप निरुपद्रवी, या भाबड्या समजुतीला हा चोख जबाब आहे. विष हे विषच; भेद आहे तो मात्रेचा, टिकाऊपणाचा आणि ते किती जणांच्या हातून किती एकवटून जाते याचा.

मूळ वनस्पतीकडे जग परतले ते एका आंतरराष्ट्रीय कराराच्या रेट्याने. जमिनीच्या धुरीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड हा वायू ओझोनच्या थराला बाधक ठरला. १९९२ च्या कोपनहेगन दुरुस्तीने तो मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आला. पुढे विकसित देशांसाठी २००५ आणि विकसनशील देशांसाठी २०१५ ही मुदत ठरली. आयात-निर्यात मालाच्या संगरोधासाठीचा वापर तेवढा वगळला गेला. पर्याय शोधणे भाग पडताच जुने निबंध पुन्हा उघडले गेले. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कर्कगार्ड आणि सहकाऱ्यांनी मोहरीवर्गीय पिके जमिनीत गाडून धुरीचा परिणाम साधण्याच्या पद्धतीला ‘जैवधुरी’ हे नाव दिले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अॅलिल आयसोथायोसायनेट हे जैवरासायनिक धुरीद्रव्य म्हणून नोंदवले. एलेनबी यांच्या निबंधानंतर अडुसष्ट वर्षांनी!

भारतातील संशोधक या काळात स्वस्थ बसले नव्हते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६६ मध्ये सूत्रकृमिशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. त्याच वर्षी पंतनगरहून आर. एस. सिंग व के. सीतारामय्या यांनी तेलबियांच्या पेंडी जमिनीत मिसळल्यावर भेंडी व टोमॅटोच्या मुळांवरील गाठी कमी होतात, हे प्रसिद्ध केले. अलीगढ विद्यापीठातही निंबोळी, एरंडी, मोहरी, भुईमूग यांच्या पेंडींवर वर्षानुवर्षे काम झाले. पेंड कुजताना अमोनिया आणि बाष्पनशील सेंद्रिय आम्ले सुटतात. निंबोळीत त्यांच्या जोडीला स्वतःची कडू द्रव्ये असतात. मोहरीच्या पेंडीत आयसोथायोसायनेटांची भर पडते. शिवाय सूत्रकृमींना खाणाऱ्या बुरशा व जिवाणू वाढतात. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिल या द्रव्याची सूत्रकृमिनाशक म्हणून ओळख १९५८ मध्ये हॉलंडमध्ये पटली. ते बाष्पनशील नाही, पण झेंडूच्या आंतरपिकाचा उपयोग त्याने स्पष्ट होतो. सोलापूर-नाशिककडील डाळिंबाच्या बागांना मुळांवरील गाठींनी ग्रासले आहे. तेथील बागायतदारांना झेंडू आणि निंबोळी पेंडीचा सल्ला नवीन नाही.

मग हे ज्ञान शिफारशींच्या पुस्तिकेतच का राहिले? याचे एक कारण शास्त्रीय आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जैवधुरीचा परिणाम अस्थिर असतो. मोहरीची जात, कापणीची वेळ, किती बारीक तुकडे केले, जमिनीत ओल किती, वरून झाकले की नाही, यांवर वायूचे प्रमाण ठरते. झाकले नाही तर बराचसा वायू उडून जातो. त्यात मोहरीच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी स्वतः वाढूही शकतात. वेळेवर गाडली नाही, तर उपायच रोगाला पोसतो.

दुसरे कारण आर्थिक आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. एवढ्याशा जमिनीचा तुकडा दोन महिने गाडण्याच्या पिकाखाली ठेवणे म्हणजे एका भाजीपाल्याच्या हंगामावर पाणी सोडणे. त्यात पेंडीला दुसरे गिऱ्हाईक आहे. मोहरीची पेंड जनावरांना जाते आणि जनावरांना तिचा तिखटपणा नको असतो. म्हणून वैज्ञानिकांनी ‘पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१’ सारखे, आयसोथायोसायनेट देणारी द्रव्ये कमी असलेले वाण तयार केले. पशुपालनाच्या दृष्टीने हे योग्यच. पण एका विभागाचे उद्दिष्ट जिथे सफल होते तिथे दुसऱ्या विभागाचे औषध नाहीसे होते, याची टिपणी कोणत्याही नस्तीवर आढळणार नाही.

तिसरे कारण कायद्याचे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेल्या धान्यपिठाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम जन्माला आला. नोंदणीशिवाय विक्री नाही, आणि परिणामकारकता व सुरक्षिततेची माहिती दिल्याशिवाय नोंदणी नाही, हे त्याचे मर्म. ही चौकट योग्य आहे. नेमॅगॉनचा इतिहास वाचल्यावर ती ढिली करा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम आहे. निंबोळी पेंडीचे पोते खत म्हणून विकले तर ते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या प्रांतात येते. त्याच पोत्यावर ‘सूत्रकृमींचा नाश करते’ असे छापले, की प्रश्न कीटकनाशक कायद्याचा होतो. अधिनियमाच्या ३८ व्या कलमाने शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीपुरती मोकळीक आहे. म्हणजे तो मोहरी गाडू शकतो, पेंड टाकू शकतो. पण ते काम इतरांसाठी नीट, प्रमाणित स्वरूपात करून देणारा उद्योजक उभा राहायचा, तर त्याला नोंदणीचा सारा खर्च सोसावा लागतो. शतकभर माहीत असलेल्या द्रव्यावर एकस्व मिळत नाही, त्यामुळे खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा. असा खर्च खासगी क्षेत्र करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. नोंदणीची माहिती ही येथे सार्वजनिक वस्तू आहे आणि ती निर्माण करणे हे शासनाचेच काम ठरते. नव्या कायद्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत विधेयके मांडली गेली. त्यांवरील चर्चा दंड आणि नुकसानभरपाईभोवती अधिक फिरली.

हे सारे तातडीचे का, याचे उत्तर दोन डोंगरांतून मिळते. १९६१ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ जोन्स यांना उटकमंड येथे बटाट्याचा सोनेरी सूत्रकृमी आढळला. याची अंडी मृत मादीच्या कवचात वीसहून अधिक वर्षे जिवंत राहू शकतात. १९७१ मध्ये निलगिरीतील बियाणे-बटाटे बाहेर नेण्यास बंदी घालण्यात आली. १९८५ मध्ये ‘कुफरी स्वर्ण’ हा प्रतिकारक वाण आला. संकट एका डोंगरापुरते कोंडले, असा समज रूढ झाला. त्यानंतर २०१८ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाला हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड येथून बियाणे-बटाटे बाहेर पाठवण्यावर बंदी घालावी लागली, कारण तेच कृमी तेथे सापडले. देशाच्या बियाण्याचा उगम मानली जाणारी कुफरी-फागूची सरकारी क्षेत्रेही त्यात होती. पहिल्या नोंदीनंतर सत्तावन्न वर्षे आपण एका जागी पहारा दिला आणि दुसरीकडची माती पुरेशी तपासली नाही. ज्या डोंगरी शेतकऱ्याचे एकमेव नगदी पीक बियाणे-बटाटा होते, त्याच्यासाठी ती अधिसूचना म्हणजे एका रात्रीत बंद झालेली बाजारपेठ होती.

अशा जमिनींत कोणताही एक उपाय पुरत नाही. प्रतिकारक वाण, फेरपालट, मातीची नियमित तपासणी आणि जैवधुरी यांची सांगड घालावी लागते. इंग्लंडमध्ये १९२५ साली ज्या कृमीच्या शेजारी मोहरी उगवलेली पाहून हा धागा हाती आला, त्याच वर्गातला कृमी आज कुफरीच्या मातीत आहे. त्या थंड हवेत मोहरीची कोणती जात केव्हा गाडावी, एकरी किती हिरवा पाला लागेल, आणि रिकाम्या राहिलेल्या हंगामाची भरपाई शेतकऱ्याला कोणत्या योजनेतून द्यावी, हे तीन प्रश्न आहेत. पहिले दोन संशोधन संस्थांनी सोडवायचे आहेत. तिसरा आमच्यासारख्यांच्या टेबलावरचा आहे, आणि तो सुटल्याशिवाय पहिल्या दोहोंची उत्तरे पुस्तिकेतच राहतील.